अळंबीबाईंचा रिपोर्ट

कंपाउंडर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नसे. अडतीस वर्षं ते एकाच दवाखान्यात, एकाच लाकडी खिडकीमागे बसले. त्या काळी औषध बाटलीतून मिळायचं. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिला कात्रीने खाचा पाडायच्या. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. ह्या खाचा कंपाउंडरांइतक्या सारख्या कोणी पाडत नसे. पुढे तयार गोळ्या आल्या, बाटल्या गेल्या, खाचाही गेल्या, पण हाताची सवय काही जाईना. घरी साखरेच्या डब्यावर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं, 'चहातून, दिवसातून दोनदा.' खोबरेल तेलाच्या बाटलीवर, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी.' आणि फ्रीजवर, 'उघडल्यानंतर लगेच बंद करावा.'

दुसरी सवय खरं बोलण्याची. तीही दवाखान्यातलीच. "हे कडू आहे का हो?" असं पेशंटने विचारलं, की हे सांगायचे, "आहे. आणि संध्याकाळपर्यंत ढेकरही कडूच येतील." मोठे डॉक्टर आतून ओरडायचे, "अहो, थोडं गोड बोला की!" त्यावर कंपाउंडर म्हणायचे, "गोड बोललो तर औषध गोड होईल का?" अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकदाच लबाडी घडली, ती साठी उलटल्यावर, आणि तीही स्वतःच्या बायकोशी.

बायको म्हणजे अळंबीबाई. घराच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत पूर्वी एक छापखाना भाड्याने होता. तो उठून गेला. खोल्यांना ना धड खिडकी, ना धड वारा, त्यामुळे नवा भाडेकरू मिळेना. येणारा जो तो दारातच नाक मुरडायचा, "इथे काय उगवणार?" बाईंनी हा प्रश्न मनावर घेतला. कुठेशी चार दिवसांचं शिक्षण घेऊन आल्या आणि त्या खोल्यांत अळंबी लावली. भाताचा पेंढा भिजवायचा, वाफवायचा, पिशव्यांत थर देऊन भरायचा, मधेमधे बी पेरायचं आणि पिशव्या छताला टांगून द्यायच्या. पंधरावीस दिवसांत पिशव्या पांढऱ्याफटक पडतात आणि मग भोकाभोकांतून शिंपल्यांसारखे झुबके बाहेर येतात. दिवसातून तीनदा पाणी फवारायचं, तेही अंधुक उजेडात. अकरा वर्षं बाई सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत त्या खोल्यांत वावरल्या. अंधारात त्यांना मांजरासारखं दिसायचं. बाहेर आल्या की मात्र डोळे मिचकावत उभ्या राहायच्या आणि समोरून कोण येतंय ते त्याने खोकल्याशिवाय कळायचं नाही.

त्या वर्षी त्यांची नडगी दुखू लागली. मग मांड्या. मग एके दिवशी पिशव्या भरता भरता त्या बुटक्या स्टुलावर बसल्या, त्या उठेचनात.

"अहो, जरा हात द्या."

कंपाउंडरांनी हात दिला. बाई उठल्या, पण स्टूलही चिकटून उठल्यासारखं त्यांनी तोंड केलं.

"दवाखान्यात चल," कंपाउंडर म्हणाले.

"कशाला? वय झालं."

"वय माझंही झालंय. मी उठतो की."

"तुम्ही बसता कुठे? दिवसभर येरझाऱ्या तर घालता."

शेवटी गेल्या. मोठे डॉक्टर आता नव्हते; त्यांची मुलगी दवाखाना चालवत होती. लहानपणी ती कंपाउंडरांच्या खिडकीखाली उभी राहून साखरेच्या गोळ्या मागायची. त्यामुळे दवाखान्यात तिला 'डॉक्टर' म्हणायचं की 'बाळ', हा घोळ कंपाउंडरांच्या जिभेवर कायमचा होता. तिने बाईंना दोनचार प्रश्न विचारले, गुडघे दाबले, नडगी दाबली. बाई कळवळल्या.

"काकू, उन्हात किती वेळ असता?"

"ऊन? दोरीवर कपडे घालते तेवढा वेळ."

"रक्त तपासू. ड जीवनसत्त्व."

सुई म्हटल्यावर बाईंनी हात पदरात घेतला. त्यांना धीर यावा म्हणून कंपाउंडरांनी स्वतःची बाही वर केली. "डॉक्टर बाळ, माझंही काढा." लॅबमधली मुलगी हुशार होती, पण कंपाउंडर तिला पट्टा कुठे आवळायचा, शीर कशी चाचपायची, कापूस किती वेळ दाबायचा हे सांगत राहिले. शेवटी ती म्हणाली, "काका, तुम्ही डोळे मिटा. हे काकूंसाठी नाही सांगत मी, माझ्यासाठी सांगतेय."

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. कंपाउंडरांचा आकडा बावीस. बाईंचा नऊ.

"नऊ? शंभरपैकी?" बाईंनी विचारलं.

"शंभरपैकी नसतं ते, काकू. पण तीसच्या वर असलेलं बरं. नऊ म्हणजे फारच कमी. हाडं दुखणारच." डॉक्टरने दोघांना सारखंच औषध लिहून दिलं. आठवड्याला एक पुडी, दुधातून, बारा आठवडे. मग परत तपासणी. "आणि काका, आठवड्याला म्हणजे आठवड्यालाच हं. बरेच लोक रोज घेतात आणि नको ते होऊन बसतं."

"हे तू मला सांगतेस?" कंपाउंडर दुखावून म्हणाले. आणि मग, "सांगतेस डॉक्टर?"

घरी आल्यावर बाईंनी आपल्या वाटच्या बारा पुड्या टेबलावर ठेवल्या आणि हात झटकले. "ही भुकटी मी घेणार नाही."

"का?"

"का म्हणजे? मोठ्या डॉक्टरांचं गुलाबी औषध विसरलात? पोट दुखलं की गुलाबी, डोकं दुखलं की गुलाबी, सून नांदत नाही म्हणून सासू रडत आली तर तिलाही गुलाबी. तुम्हीच सांगायचात मला घरी येऊन. आता ही पांढरी आली, एवढंच."

आयुष्यभर खरं बोलण्याचा असाही तोटा असतो. दवाखान्यातली सगळी गुपितं कंपाउंडरांनी बायकोला प्रामाणिकपणे सांगितली होती, आणि ती तिने व्याजासकट परत केली.

बाई नुसत्या हटून बसल्या नाहीत. त्यांनी पर्याय काढला. अळंबीच्या बियाच्या पिशवीसोबत माहितीचा एक कागद येत असे. अकरा वर्षं बाई तो न वाचताच एका डब्याच्या तळाशी घालत आल्या होत्या. त्या दिवशी तो डब्यातून काढून त्यांनी कंपाउंडरांपुढे नाचवला. त्यात चक्क छापलं होतं, की तोडलेली अळंबी काही वेळ उन्हात ठेवल्यास तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते.

"बघा. माझ्या घरात पिकतंय ते सोडून मी पुडी कशाला फोडू? तुम्ही तुमच्या पुड्या घ्या, मी माझी अळंबी खाते. बारा आठवड्यांनी बघू कोणाचं रक्त जास्त शहाणं."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर चादर अंथरली गेली. बाई अळंबी पोटं वर करून ओळीने निजवायच्या, अगदी बाळंतिणीच्या खोलीत पोरं निजवावीत तशा. पण पहिल्याच दिवशी घात झाला. इस्त्रीवाल्याची शेळी बाहेरच्या जिन्याने वर आली आणि अर्ध्या चादरीवरची अळंबी फस्त करून, तोंड पुसायला चादरच चघळत बसली. तेव्हापासून बाई हातात काठी घेऊन पहाऱ्याला उभ्या राहू लागल्या. दहा ते बारा, रोज. कामात आडवा येतो म्हणून पदर खोचलेला, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. शेळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, बाई गच्चीच्या तोंडाशी. दोघी एकमेकींकडे टक लावून बघत. खालून जाणारा इस्त्रीवाला हात जोडून म्हणायचा, "वहिनी, ती मनाने वाईट नाही हो." बाई वरून म्हणायच्या, "मनाचं मला माहीत नाही. पोटाने वाईट आहे."

इकडे कंपाउंडरांच्या जिवाला घोर लागला. नऊ हा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. अळंबीवर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या औषधाला खाच पाडता येत नाही, त्याचा डोस मोजणार कसा? बायको रात्री कूस बदलताना 'आई गं' म्हणायची, तेव्हा त्यांना वाटायचं, आत्ता उठावं आणि पुडी तिच्या तोंडात ओतावी. पण तसं केलं असतं, तर काठी शेळीला सोडून त्यांच्याकडे वळली असती.

पहिल्या रविवारी चार वाजता ते स्वयंपाकघरात गेले. लग्नानंतर ओट्यापाशी ते दोनदाच गेले होते. एकदा गळका नळ बघायला आणि एकदा ओट्याखाली उंदीर शिरला म्हणून. त्यांनी दूध तापवलं, थोडं करपवलं, बायकोच्या वाटची पुडी कपात ओतली, चमच्याने बरोब्बर तीस वेळा ढवळलं आणि कप तळमजल्यावर नेऊन दिला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"दूध. दमतेस तू. म्हटलं, रविवारचं दूध आपण द्यावं."

ह्यात खोटं अक्षर एकही नव्हतं, असं त्यांनी जिना चढता चढता स्वतःला चार वेळा बजावलं. दूध होतं, रविवार होता, दमत तर ती होतीच. तरी त्यांचे कान लाल झाले होते. पुढचे अकरा रविवार त्यांचे कान असेच लाल होत राहिले. कप मात्र दर वेळी रिकामा परत येई, आणि बाई म्हणत, "छान झालं होतं हो." तेवढ्यावर ते पुढचा आठवडा काढत.

घरात तिसरं माणूस म्हणजे कंपाउंडरांची आई. वय चौऱ्याऐंशी. त्यांची खुर्ची खिडकीत असायची, ऊन तिथे यायचं पण काचेपर्यंतच. खुर्चीतून उठायला त्यांना दोन्ही बाजूंनी माणूस लागे. ह्या सगळ्या धामधुमीत म्हातारीकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. अशात एका सकाळी त्या एकट्याच उठून दारापर्यंत गेल्या आणि पेपरवाल्याला 'काल पुरवणी दिली नाहीस' म्हणून झापून आल्या. सगळ्यांना वाटलं, संताप माणसाला उभं करतो. पेपरवाल्यालाही तसंच वाटलं.

बारा आठवडे झाले. पुन्हा सुई, पुन्हा कापूस, पुन्हा कंपाउंडरांच्या सूचना. रिपोर्ट आणायला दोघं बरोबर गेली.

"काका, तुमचा छत्तीस," लॅबमधली मुलगी म्हणाली.

"छत्तीसचा आकडा होय?" बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार करतेय, मला रक्त न काढता माहीत होतं ते."

"आणि काकू, तुमचा चौतीस!"

बाईंनी कागद हिसकावून घेतला, डोळे मिचकावले, लांब धरला, जवळ धरला. चौतीसच होता.

"मी जिंकले."

"अगं, छत्तीस मोठा की चौतीस?"

"आलात कुठून ते बघा! तुम्ही बावीसवरून छत्तीस, म्हणजे चौदा पायऱ्या. मी नऊवरून चौतीस, म्हणजे पंचवीस. निम्मा जिना तर चढलेलेच होतात तुम्ही. त्याचं काय कौतुक?"

कंपाउंडरांनी हिशेब करून पाहिला. तो चुकत नव्हता. आणि खरं तर त्यांना हरण्याचं दुःखही नव्हतं. नडगीचं दुखणं कमी झालं होतं, स्टुलावरून बाई आपल्या आपण उठत होत्या. मनातल्या मनात ते स्वतःची पाठ थोपटत होते. पुडीने काम केलं होतं. बायकोला वाटायचं ते वाटू दे, असा त्यांनी विचार केला आणि विषय मिटला असं धरलं.

विषय मिटला नाही. बाईंनी त्याच दुपारी रिपोर्ट दोन पारदर्शक प्लास्टिकांमध्ये पक्का बसवून आणला आणि आठवडी बाजारात आपल्या टोपल्यांच्या वर टांगला. शेजारी पुठ्ठ्याचा बोर्ड: 'उन्हातली अळंबी. पुडी नको, गोळी नको. खाणारीचा आकडा आधी नऊ, आता चौतीस. रिपोर्ट बघून घ्यावा, हात लावू नये.'

लोकांची झुंबड उडाली. ज्यांना अळंबी म्हणजे कुजलेल्या लाकडावरचं काहीतरी वाटायचं, तेही रिपोर्ट वाचून पाव किलो घेऊ लागले. बस कंडक्टर आपला रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "माझा अकरा आहे. किती दिवस खाऊ?" शाळेच्या मुख्याध्यापिका अर्धा किलो घेऊन गेल्या. चौकातल्या शिंप्याने तर पुड्या केराच्या टोपलीत टाकल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि टाळ्याही मिळवल्या. बाई एकेकाला समजावून सांगत होत्या, "लोण्यात परतायची. पण आधी ऊन. ऊन चुकवायचं नाही." अळंबी एका तासात संपली. उरलेला वेळ लोक नुसता रिपोर्ट बघायला येत होते.

कंपाउंडर मागे पोत्यावर बसून हे बघत होते, आणि त्यांचे कान लाल व्हायचं सोडून आता पांढरे पडत चालले होते.

तीन आठवड्यांनी डॉक्टरचा फोन आला. "काका, माझ्या सात पेशंटांनी औषध बंद केलंय. विचारलं तर म्हणतात, अळंबीबाईंनी सांगितलं. शिंप्याच्या बायकोची हाडं काकूंपेक्षा वाईट आहेत. काकूंना समजवा ना तुम्ही. तुमचं ऐकतील."

'तुमचं ऐकतील' ह्यावर एरवी कंपाउंडर हसले असते. त्यांनी फोन ठेवला आणि सरळ तळमजल्यावर गेले. कबुलीजबाबासाठी त्या अंधाऱ्या खोल्यांइतकी चांगली जागा नव्हती. बाई फवारणी करत होत्या. टांगलेल्या पिशव्यांमधून त्यांचे फक्त पाय दिसत होते. कंपाउंडर पायांशी बोलू लागले.

"अगं, मला एक सांगायचंय."

"दार लावा आधी. माश्या शिरतात."

त्यांनी दार लावलं. "तुझा चौतीस आकडा अळंबीचा नाही. माझा आहे."

"म्हणजे?"

"तुझ्या वाटच्या पुड्या... मी दुधातून देत होतो तुला. दर रविवारी. बाराच्या बारा."

फवारणी थांबली. पाय थांबले. कंपाउंडरांनी डोळे मिटून घेतले.

"रविवारचं दूध?" बाईंचा आवाज आला. "ते करपट दूध?"

"करपट होतं? तू तर छान म्हणायचीस."

"अहो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कप घेऊन आलात. करपट आहे म्हणून सांगू? त्यातून त्याला कसलीशी संत्र्यासारखी चव. मला वाटलं, वेलची समजून भलताच डबा उघडलात. मी एक घोट घेतला आणि बाकीचं आईंना दिलं. पहिल्या रविवारी घोट, नंतर तोही नाही."

"आईला?"

"त्यांना आवडायचं. म्हणायच्या, शुक्रवारपासून वाट बघते मी."

दोघंही पिशव्यांच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि एकदमच दोघांच्या डोळ्यांपुढे पेपरवाला आला.

खिडकीतल्या खुर्चीपुढे चौकशी बसली. म्हातारीने काही लपवलं नाही. "सुनेने दिलं, मी प्याले. दुधाला कोण नाही म्हणतं? आणि तुम्ही दोघं एकमेकांशी खोटं बोलायचं आणि साक्षीला मला बसवायचं, हे बरंय!"

"मी खोटं नाही बोललो," कंपाउंडर म्हणाले.

"मीही नाही. छान म्हटलं फक्त," बाई म्हणाल्या.

"मग मी बोलले असेन," म्हातारी म्हणाली आणि पेपर तोंडापुढे धरला.

डॉक्टरला बोलवावं लागलं. ती लॅबमधल्या मुलीला घेऊन घरीच आली आणि दारातूनच सुरू झाली. "काका, तुम्ही! अडतीस वर्षं लोकांना सांगत आलात, दुसऱ्याचं औषध घेऊ नका, न सांगता देऊ नका. आजींना काही झालं असतं म्हणजे?" कंपाउंडर शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून उभे होते. ज्या मुलीला साखरेची गोळी देताना ते 'एकच हं' म्हणायचे, ती आज त्यांना ओरडत होती आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं. डॉक्टर असंही म्हणाली, की आजींना पुडी लागणारच होती, तपासलं असतं तर मीच दिली असती. पण तपासून दिली असती. ह्या शेवटच्या वाक्यावर तिने बोट उगारलं.

आजींचं रक्त घेतलं. कॅल्शियम वगैरे सगळं ठीक निघालं. ड जीवनसत्त्वाचा आकडा आला अठ्ठेचाळीस.

"घरात माझा पहिला नंबर म्हणायचा," म्हातारी म्हणाली आणि दिवसभर कोणालाही अपॉइंटमेंटशिवाय भेटायला तयार नव्हती.

पण खरा पेच आता पडला. पुड्या जर म्हातारीच्या पोटात गेल्या, तर बाईंचा चौतीस आला कुठून? बाई कमरेवर हात ठेवून डॉक्टरपुढे उभ्या राहिल्या. "म्हणजे अळंबीच ना? बोला आता."

"अळंबीत असतं, काकू. खोटं नाही ते. पण नऊवरून चौतीस?" डॉक्टर विचारात पडली. "बरं, मला सांगा, अळंबी उन्हात असते तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"तिथेच. शेळी येते ना."

"किती वेळ?"

"दहा ते बारा."

"रोज?"

"शेळीला काय रविवारची सुट्टी असते?"

डॉक्टरने आधी बाईंच्या कोपरापर्यंत रापलेल्या हातांकडे पाहिलं, मग कंपाउंडरांकडे, मग ती जिन्यात बसून हसू लागली. लॅबमधली मुलगीही हसू लागली. तीन महिने बाईंनी अळंबीला ऊन दिलं होतं, आणि अळंबीच्या राखणीत स्वतः भर उन्हात दोन तास उभ्या राहिल्या होत्या. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी आपले रापलेले हात उलटसुलट करून पाहिले.

"बोर्ड उतरवते," बाई शेवटी म्हणाल्या. "आजच. पण मला खरं काय ते कळायला हवं. पुढचे आठ आठवडे मी अळंबी खाणार आणि गच्चीवर पाऊल टाकणार नाही. राखण हे करतील."

डॉक्टर म्हणाली, प्रयोग कसले करता, सरळ पुडी घ्या. बाई म्हणाल्या, "आठ आठवडे दे फक्त. आकडा उतरला तर तुझ्यासमोर पुडी फोडते. शब्द आहे." डॉक्टरने सुस्कारा सोडला आणि तारीख लिहून घेतली.

कंपाउंडरांना त्याहून अवघड काम मिळालं. ज्या सात घरी पुड्या बंद झाल्या होत्या, त्या सातही घरी जाऊन त्यांनी घडलेलं सगळं सांगायचं होतं. बस कंडक्टर म्हणाला, "म्हणजे बायकोला फसवायला गेलात आणि आईला बरं करून आलात? हे जमतं कसं, मलाही शिकवा." मुख्याध्यापिकांनी त्यांना खुर्ची न देता उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आता पुन्हा असं करणार का?" कंपाउंडर म्हणाले, "नाही, बाई." शिंप्याकडे सगळ्यांत वेळ गेला, कारण त्याने टाकलेल्या पुड्या बायकोने टोपलीतून कधीच काढून घेतल्या होत्या आणि ती गुपचूप दर आठवड्याला एक घेत होती. हे त्या दोघांना एकमेकांसमोर कंपाउंडरांच्या साक्षीने कळलं. शिंपी टेप गळ्यात तसाच घालून बायकोकडे बघत राहिला. कंपाउंडर चहा न घेताच निघाले.

गच्चीवरचे आठ आठवडे मात्र त्यांना मानवले. पहिल्या दिवशी शेळीने त्यांना ओळखलंच नाही आणि सरळ वर आली. त्यांनी काठी उगारली, तर ती काठीचं टोक चाटू लागली. मग त्यांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर रोज दोन वाया गेलेले झुबके ठेवायला सुरुवात केली. शेळी तेवढं खाऊन तिथेच पाय दुमडून बसे. बाईंनी खालून हे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी तीन महिने लढले, आणि तुम्ही लाच दिलीत!" कंपाउंडर म्हणाले, "लाच नाही, डोस आहे."

आठ आठवड्यांनी बाईंचा आकडा आला पंचवीस. चौतीसवरून नऊ पायऱ्या खाली, पण सुरुवातीच्या नऊइतका खाली नाही. डॉक्टरने सांगितलं की अळंबीने काही हातभार लावला असेल, नसेलही. एका माणसाच्या दोन रिपोर्टांवरून शास्त्र बनत नाही. बाईंना हे उत्तर पटलं. दोघांचीही थोडी थोडी हार झाली की त्यांना पटायचं. त्यांनी तिथेच डॉक्टरच्या टेबलावरचं पाणी घेतलं, पुडी फोडली, ओतली आणि प्याल्या. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "हीच ती संत्र्याची चव. करपट नाही म्हणून बरी लागली."

आता घरात तिघांची तपासणी डॉक्टर सांगेल तेव्हाच होते, पुड्याही ती सांगेल तेवढ्याच येतात. बाई सकाळचा अर्धा तास गच्चीवर बसतात. अळंबी असो वा नसो. म्हातारीची खुर्चीही काचेच्या पलीकडे, बाहेरच्या ओसरीवर गेली आहे. तिथून पेपरवाला अधिक जवळ पडतो.

अळंबीचा खप कमी झाला नाही. रिपोर्ट उतरला, पण जिभेला लागलेली चव कोण उतरवणार? कंपाउंडर आता दर बाजाराला बाईंच्या शेजारी बसतात आणि प्रत्येक पिशवीवर रेखीव अक्षरात कशी शिजवायची ते लिहून देतात. परवा एक नवखं गिऱ्हाईक आलं. गुडघा चोळत म्हणालं, "ह्याने गुडघेदुखी जाते म्हणे?"

कंपाउंडरांनी बाईंकडे पाहिलं. बाई दुसऱ्याला मोजून देण्यात गुंतल्या होत्या.

"गुडघ्याचं डॉक्टरला विचारा, समोरच दवाखाना आहे," कंपाउंडर म्हणाले. "ही लोण्यात परता. मीठ शेवटी. आधी घातलंत तर पाणी सुटतं."